ट्वीतली नाती : मामा आधी, काका नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कामानिमित्त घानात, कुमासीला दोन वर्षं राहायचं आहे. तिथली ट्वी भाषा शिकायला घेतली, नात्यांच्या शब्दांची इंग्रजी-ट्वी यादीही पाठ केली. पण यादीत 'अंकल'पुढे तीन वेगळे शब्द आहेत, 'ब्रदर', 'सिस्टर' आणि 'कझिन' या तिघांपुढे एकच शब्द आहे, आणि 'नाना' म्हणजे आजोबाही, आजीही, नातूही. यादी चुकली आहे का? आणि हे डोक्यात बसवायचं कसं?

यादी बरोबर आहे, गोंधळ मधल्या इंग्रजीने केला आहे. मराठीत मामा, काका, आत्या, मावशी ही चार निरनिराळी माणसं आहेत. इंग्रजी त्या चौघांना दोन शब्दांत कोंबते, आणि ट्वीपर्यंत पोचल्यावर तुम्हाला ती पुन्हा सोडवावी लागतात. मराठीतून थेट ट्वीत गेलात तर निम्मं काम आधीच झालेलं आहे. उरलेल्या निम्म्यात मात्र मराठीच आडवी येते, आणि खरी मेहनत तिथेच करायची आहे.

आधी उच्चार. 'ट्वी' असं आपण लिहितो खरं, पण तिथले लोक 'च्वी'च्या जवळचं काहीतरी म्हणतात, ओठ शिट्टीला काढतो तसे पुढे काढून. रोमन लिपीतल्या काही जोड्या नात्यांच्या शब्दांत सारख्या येतात. के आणि वाय एकत्र आले की च. तो 'चिमणी'तला च, 'चमचा'तला नव्हे. जी आणि वाय एकत्र आले की ज, आणि इथे मराठी माणूस हमखास घसरतो, कारण वडिलांना ट्वीत 'आजा' म्हणतात. त्यातला ज 'आजी'तला आहे, 'आजोबा'तला नाही. शिवाय आपला आजा म्हणजे बापाचा बाप आणि तिथला आजा म्हणजे बाप, ही एक पिढीची चूक पहिल्या आठवड्यात तोंडातून निघतेच. सुटा 'ए' (रोमन ई) हा ए आणि इ यांच्या मधला असतो. मी ए लिहितो आहे, ऐकताना इ वाटला तर दचकू नका.

दोन अक्षरं इंग्रजीत नाहीत. एक उलटा फिरवलेला सी, त्याचा उच्चार 'कॉफी'तल्या ऑसारखा. दुसरं इंग्रजी तीनचा आकडा आरशात दिसावा तसं, उच्चार ए आणि ॲ यांच्या मधला. मी त्यासाठी ॲ वापरतो आहे. मोबाइलवर हीच अक्षरं लोक सोयीने लिहितात: उलट्या सीच्या जागी बंद कंस आणि दुसऱ्याच्या जागी तीनचा आकडा. मेसेजमध्ये मामाचा शब्द लिहिताना मध्येच बंद कंस दिसला तर ती टायपिंगची चूक नव्हे.

स्वराची लांबी तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. ट्वीत अ नाही, आ आहे, तो आखूडही असतो आणि लांबही, आणि लांबी बदलली की नातं बदलतं. लांब आ मी 'आऽ' असा दाखवतो. तो नीट दुप्पट ओढायचा.

आता शब्द. सुरुवातीला आठच घ्या.

आई माऽमे. जुना आणि आदराचा शब्द ॲना. वडील पापा, आदराने आजा. मामा वॉफा. हा व आपल्या व-सारखा दात ओठाला लावून नाही, ओठ गोल करून. आत्या सेवाऽ. भावंड नुआ. मूल बा. नवरा कुनु. बायको येरे. शेवटचा शब्द मराठी कानाला 'ये रे' असा लागतो, त्यामुळे तो कुणी विसरत नाही.

या यादीत काका आणि मावशी नाहीत, कारण ट्वीत त्यांना वेगळा शब्दच नाही. मावशी ही आई आहे. आईची थोरली बहीण माऽमे पान्यिन, धाकटी माऽमे कुमाऽ किंवा माऽमे केतेवा. काकाही तसाच: वडिलांचा थोरला भाऊ पापा पान्यिन, धाकटा पापा केतेवा. पान्यिन म्हणजे थोरला, केतेवा म्हणजे लहान. आपल्याकडे काही घरांत चुलत्याला 'मोठे बाबा' म्हणतात, तशी ही रीत. मराठीत 'माय मरो पण मावशी जगो' म्हणतात. ट्वीत बापाच्या बाजूने तेच म्हटलं आहे: 'आजा बि वु आ, आजा बि ते आसे', एक बाप गेला तर दुसरा बाप जिवंत आहे. ही म्हण पाठ करा. काकाला बाप म्हणायचं हे तिच्यासोबत कायमचं लक्षात राहतं.

मग मामाला आणि आत्यालाच खास शब्द का? कारण ट्वी बोलणारे आकान लोक वंश आईकडून मोजतात. आईकडून चालणाऱ्या या कुळाला आबुसुआ म्हणतात. तुम्ही आईच्या आबुसुआचे, तुमचा मामा त्याच आबुसुआचा, तुमचे वडील मात्र दुसऱ्या आबुसुआचे. आकानांपैकी कुमासीकडच्या आसांते लोकांत अशी आठ कुळं मोजतात: ओयोको, ब्रेतुओ, आगोना, आसोना, आदुआना, आसाचिरी, आसेनिए आणि एकुओना. कुमासीची राजगादी ओयोको कुळाची. राजाच्या बरोबरीने एक राणी असते, तिला आसांतेहेमाऽ म्हणतात, आणि ती राजाची बायको नसते. १९९९ पासून गादीवर असलेले ओतुम्फुओ ओसेई तुतु दुसरे यांच्या काळात २०१६ पर्यंत ही जागा त्यांच्या आईकडे होती, नंतर २०२५ पर्यंत बहिणीकडे. 'राणी' या शब्दाचं मराठीतलं नातं इथे लावलंत तर बातमी वाचताना घोळ होतो.

यामुळे मामाचं वजन वेगळं. आपल्याकडे मामा लाडाचा, सुट्टीत ज्याच्या गावाला जायचं तो. तिथे वॉफा म्हणजे ज्याची मालमत्ता परंपरेने तुमच्याकडे यायची आणि ज्याचा शब्द तुमच्या घरात चालायचा असा माणूस. त्याच्या बाजूने भाच्याला वेगळा शब्द आहे: वॉफाऽसे. हा फक्त पुरुषाने बहिणीच्या मुलामुलींसाठी वापरायचा. बाई हा शब्द स्वतःच्या भाचरांसाठी वापरत नाही, कारण ती कुणाची वॉफा होऊ शकत नाही. बहिणीची मुलं तिला मुलंच. पुरुषाला भावाची मुलंही मुलंच: पुतण्या म्हणजे बा. मराठी 'भाचा' दोन्हीकडून चालतो, बाईच्या भावाचा मुलगाही भाचा आणि पुरुषाच्या बहिणीचाही. तेव्हा तुमचा 'भाचा' ट्वीत नेताना आधी विचारा, कोण बोलतंय? पुरुष बोलत असेल आणि मूल बहिणीचं असेल तरच वॉफाऽसे.

वारसाहक्काची ही जुनी रीत कायद्याने १९८५ मध्ये बरीच बदलली. पीएनडीसी, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सरकारचा, कायदा १११ आला आणि मृत्युपत्र न करता माणूस गेला तर त्याच्या बायकोमुलांना घरात आणि मिळकतीत मोठा वाटा मिळू लागला. पण कायद्याने वाटे बदलले तरी बोलणं बदललं नाही. वॉफा अजून वॉफाच आहे, आणि कुटुंबाच्या बैठकीत तो कुठे बसला आहे हे पाहिलं जातं.

आबुसुआ हा शब्द वापरताना काळजी घ्या. यादीत त्याच्यापुढे 'फॅमिली' लिहिलेलं असतं आणि शिकणारा माणूस बायकोमुलांचा फोटो दाखवत 'ही माझी आबुसुआ' म्हणतो. जुन्या हिशेबाने पुरुषाची बायको आणि मुलं त्याच्या आबुसुआत येतच नाहीत, ती मुलांच्या आईच्या आबुसुआत. शाळेच्या पुस्तकांत आणि चर्चमध्ये हा शब्द चौकोनी कुटुंबासाठीही सर्रास चालतो, त्यामुळे कुणी हसणार नाही, पण गावाकडचा म्हातारा माणूस 'मग तू कुठल्या आबुसुआचा?' असा पुढचा प्रश्न टाकेल. घरातल्या माणसांसाठी 'फिएफोऑ' आहे. फिए म्हणजे घर, फोऑ म्हणजे माणसं. बायकोमुलांचा फोटो दाखवताना 'मे येरे ने मे म्मा' म्हणा, माझी बायको आणि माझी मुलं. स्पष्ट आणि बिनधोक.

आता चुलत, मावस, आते, मामे. हे चार उपसर्ग मराठी माणसाचं मोठं भांडवल आहे. ट्वीत त्यांचे दोन गट पडतात. मावस आणि चुलत भावंडं ही सरळ नुआ, म्हणजे सख्ख्या भावंडांसारखीच, कारण मावशी आई आणि काका बाप. आतेभावंड म्हणजे सेवाऽ बा, आत्याचं मूल. मामेभावंड म्हणजे वॉफा बा, मामाचं मूल. लग्नाचा जुना नियमही याच रेषेवर चालायचा: मावस भावंडांत लग्न म्हणजे एकाच आबुसुआत लग्न, ते निषिद्ध. मामाच्या मुलीशी लग्न मात्र पूर्वी पसंतीचं. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची चाल आहे, मावसबहिणीशी लग्न म्हटलं तर कानावर हात ठेवतात. तुम्हाला ही रेषा कुणी नव्याने शिकवायची गरज नाही. अमेरिकन विद्यार्थ्याला ती आकृती काढून समजवावी लागते.

नुआमध्ये भाऊ की बहीण हे कळत नाही, आपल्या 'भावंडा'सारखंच. सांगायचं असेल तर जोडा: नुआबारिमा भाऊ, नुआबाऽ बहीण. थोरला-धाकटा सांगायचा असेल तर मे नुआ पान्यिन, मे नुआ कुमाऽ. आणि कुणी तुम्हाला अख्खं ऑफिस 'नुआ' म्हणून दाखवलं तरी गोंधळू नका, हा शब्द मित्राला, सहकाऱ्याला, चर्चमधल्या सोबत्याला चालतो. सख्खा भाऊ आहे का हे विचारायचं असेल तर एकाच आईचा का, असंच विचारतात. 'एकाच बापाचा का' हा प्रश्न त्यानंतरचा.

नाना. मराठीत नाना कुणाचेही असतात, गल्लीतले, ऑफिसमधले. हिंदीत आईचे वडील. ट्वीत नाना म्हणजे आजोबा, आजी आणि नातवंड तिन्ही. आजोबा-आजी वेगळे करायचे तर नाना बारिमा, नाना बाऽ. आजी नातवाला नाना म्हणते आणि नातू आजीला नाना म्हणतो, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी बोलण्यात घोटाळा होत नाही, कारण कोण कुणाकडे बघून बोलतंय हे दिसत असतं. फोनवर होतो. 'मे नाना आजारी आहे' असं ऐकलं तर वय विचारून घ्या. पणतू-पणतीला नानान्कान्सो. याशिवाय नाना ही पदवी आहे: गावचा प्रमुख, राजा, राणी, सगळे नाना. आणि आजोबांचं नाव ठेवलेल्या तीन वर्षांच्या पोरालाही घरात नाना म्हणतात. अनेकवचन नानानोम, त्याचा अर्थ वडीलधारी मंडळी आणि पूर्वज असाही होतो.

हा 'नोम' लक्षात ठेवा, नात्यांच्या शब्दांचं अनेकवचन बहुतेक त्यानेच होतं: नुआनोम, वॉफानोम, येरेनोम, आजानोम. अपवाद मुलाचा: बा, अनेकवचनी म्मा. तोंड मिटून म थोडा धरायचा आणि मग सोडायचा.

व्याकरणात मराठी माणसाला सुट्टी आहे. माझा, माझी, माझं, माझे असं काही नाही. मे म्हणजे माझा-झी-झं सगळं. वो तुझा. ने त्याचा आणि तिचा, दोन्ही. यॅन आपला, मो तुमचा (अनेकांचा), वॉन त्यांचा. हा शब्द नात्याच्या शब्दाच्या आधी लावला की झालं: मे वॉफा, वो येरे, ने कुनु. शब्दकोशात काही शब्द ऑ किंवा ओ घेऊन येतात, जसे ऑयेरे, ओकुनु, ऑबा, ओनुआ. 'माझा' लावला की तो स्वर गळतो, म्हणून 'मे ऑयेरे' नाही, मे येरे. शब्द आने सुरू होत असेल तर उलट मेचा ए गळतो: मे आजा नाही, म'आजा. मे आबुसुआ नाही, म'आबुसुआ.

षष्ठीचा प्रत्ययही नाही. माझ्या मामाची बायको म्हणायला शब्द फक्त ओळीने ठेवायचे, मराठीच्याच क्रमाने: मे वॉफा येरे. मामी हा वेगळा शब्द शोधत बसू नका, हीच मामी. मे वॉफा येरे दिन दे आकोसुआ, माझ्या मामीचं नाव आकोसुआ. चा-ची-चे पुसा, बाकी वाक्य तसंच राहतं. अडचण फक्त 'ने'ची. तो 'त्याचा/तिचा' आहे, 'आणि'ही आहे आणि ओळख करून देताना 'म्हणजे' या अर्थानेही येतो. कोफि ने ने येरे म्हणजे कोफी आणि त्याची बायको. पहिला ने आणि, दुसरा ने त्याची. ओयि ने मे वॉफा, हे माझे मामा. ही दोन वाक्यं दहा दहा वेळा मोठ्याने म्हणा, मग तिन्ही ने आपोआप वेगळे होतात.

आता लांबीच्या चुका, कारण यांच्यामुळेच सगळ्यात जास्त हशा होतो. मे नुआबाऽ म्हणजे माझी बहीण. मे नुआ बा म्हणजे माझ्या भावंडाचं मूल. शेवटचा आ अर्धा क्षण आधी तोडलात की बहिणीची भाची झाली. म्मा म्हणजे मुलं, म्माऽ म्हणजे बायका. 'मला दोन मुलं आहेत' हे मेवॉ म्मा बाऽनु. आ ओढला गेला तर 'माझ्याकडे दोन बायका आहेत' असं वाक्य होतं, आणि बहुपत्नीत्वाची चाल माहीत असलेल्या समाजात ते विनोदी पण अगदी शक्य वाक्य आहे. कुमाऽ म्हणजे धाकटा आणि आकुमाऽ म्हणजे नणंद, यात सुरुवातीच्या आकडे लक्ष ठेवा.

सूर हा त्याहून बारीक भाग. ट्वी सुरांची भाषा आहे. 'पापा' दोन्ही अक्षरं उंच म्हटली तर अर्थ 'चांगलं', पहिलं खाली दुसरं वर म्हटलं तर 'वडील', दोन्ही खाली म्हटली तर 'पंखा', ताडाच्या पानाचा. आपण 'पप्पा' म्हणतो तसा पहिल्यावर जोर दिला की कानाला चुकीचं लागतं. पहिलं अक्षर दबकं, दुसरं उचललेलं, असं म्हणा. सगळ्या शब्दांचे सूर लिहून पाठ करायच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक शब्द 'मे' लावूनच ऐका आणि तसाच नक्कल करा, कारण आधी मे आला की शब्दाचा सूरही थोडा हलतो. एकटा शब्द पाठ केला तर तो वाक्यात बसत नाही.

मोजण्याचा एक भाग मराठी माणसाला फुकट मिळतो आणि बाकीचे विद्यार्थी महिनाभर चुकतात. आपण दोन आंबे म्हणतो पण दोघं भाऊ, तिघी बहिणी, चौघं. ट्वीतही माणसांचे आकडे वेगळे: बाऽनु दोघं, बाऽसा तिघं, बाऽनान चौघं, बाऽनुम पाच जण. वस्तूंचे दोन-तीन वेगळे: म्मिएनु, म्मिॲन्सा. 'मेवॉ नुआनोम बाऽनान, म्मारिमा बाऽनु ने म्माऽ बाऽनु': मला चार भावंडं आहेत, दोघे पुरुष आणि दोघी बायका. हे एक वाक्य नीट आलं की अनेकवचन, आकडे आणि लांबी तिन्ही तपासून होतात.

सासरची नाती कमी आहेत. सासू, सासरे, जावई, सून सगळ्यांना आसे, म'आसे. आभार मानताना म्हणतात त्या 'मे दा वो आसे'मधला आसे वेगळा, त्याचा सासऱ्याशी संबंध नाही. आकोन्ता म्हणजे मेहुणा, आणि तो अगदी आपल्या मेहुण्यासारखा दोन्हीकडून चालतो, बायकोचा भाऊही आणि बहिणीचा नवराही. कोरा म्हणजे सवत. दीर, जाऊ, साडू यांच्यासाठी वेगळे शब्द शोधत वेळ घालवू नका, 'मे कुनु नुआ' असं जोडून बोला.

हाक मारणं हा वेगळा धडा. मराठी माणूस आदराला 'तुम्ही' शोधतो आणि यादीत 'मो' सापडतो. तो वडीलधाऱ्याला वापरलात तर त्यांच्यामागे आणखी कोण उभं आहे असं ते वळून पाहतील. ट्वीत आदरार्थी अनेकवचन नाही, राजालाही वोच. आदर दिसतो तो नात्याच्या शब्दात. म्हणून नुसतं नाव घेऊन मोठ्या माणसाला हाक मारायची नाही: वॉफा याव, आजा क्वामे, माऽमे आमा. ही नावं जन्मवाराची असतात, याव गुरुवारचा मुलगा, क्वामे शनिवारचा, आमा शनिवारची मुलगी, आकोसुआ रविवारची. जुळ्यांत पहिला पान्यिन, दुसरा काक्रा. पहिलं अपत्य पिएसिए, शेंडेफळ काऽचिरे. ही नावं ऐकली की घरातला क्रम न विचारता कळतो. बाजारात अनोळखी बाईला माऽमे, बुवाला पापा किंवा आजा. आपण भाजीवालीला मावशी म्हणतो तसंच, फक्त तिथे एकदम आई. शहरात 'ऑन्टी' आणि 'अंकल'ही भरपूर चालतात.

नमस्काराच्या उत्तरात तर नातं लागतंच. सकाळी माऽचे, दुपारी माऽहा, संध्याकाळी माऽज्वो. उत्तर समोरच्या माणसावरून ठरतं: वयस्क बाईने म्हटलं तर याऽ ॲना, वयस्क पुरुषाने म्हटलं तर याऽ आजा, बरोबरीच्याने म्हटलं तर याऽ नुआ, पोराने म्हटलं तर याऽ ऑबा. रोज पन्नास वेळा ही चार उत्तरं द्यावी लागतात, म्हणून कुमासीला उतरायच्या आधी येणारी एकच गोष्ट निवडायची असेल तर ही निवडा.

एक धोक्याची सूचना. 'वो माऽमे', तुझी आई, हे दोन शब्द सुटे आणि ठसक्यात म्हटले की शिवी होते. आईची चौकशी करताना वाक्य पूर्ण करा आणि न अडखळता म्हणा: वो माऽमे हो ते सॅन? तुझी आई कशी आहे? उत्तर येतं ने हो यॅ, बरी आहे. मध्येच शब्द आठवत थांबलात तर फक्त पहिले दोन हवेत राहतात.

अभ्यासाचा क्रम असा ठेवा. रोज वीस मिनिटं पुरेत. पहिले दोन दिवस वरचे आठ शब्द, प्रत्येक 'मे' लावून. कार्डं करायची असतील तर एका बाजूला ट्वी, दुसऱ्या बाजूला मराठी नातं, इंग्रजी अजिबात नाही. तिसऱ्या दिवशी कागदावर मधोमध स्वतःला काढा, डाव्या हाताला आईकडची माणसं, उजव्या हाताला वडिलांकडची. डावीकडच्या आबुसुआभोवती एक रेषा ओढा: आजी, आई, मावशा, मामा, तुम्ही, भावंडं, मावसभावंडं, बहिणीची मुलं आत. वडील, काका, आत्या बाहेर. पुरुष असाल तर तुमची स्वतःची मुलंही बाहेर, आणि हे हाताने काढल्याशिवाय पटत नाही. मामाची मुलंही बाहेर जातात, तिथे बहुतेक जण पहिल्यांदा चुकतात आणि मामासोबत त्यांनाही आत ओढतात. ती त्यांच्या आईच्या कुळातली. चौथ्या-पाचव्या दिवशी खऱ्या घरच्या फोटोंवर बोट ठेवून 'ओयि ने मे…' असं वीस माणसांचं म्हणा. सहाव्या दिवशी साखळ्या: मामाची बायको, आत्याचा मुलगा, थोरल्या बहिणीचा नवरा. मग आकडे. चुकलेले शब्द दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा घ्या. नवे रोज पाचच्या वर नकोत, कारण फक्त लांबीने वेगळे असलेले शब्द एकत्र आले की एकमेकांना खातात.

पुस्तकांत शब्द वेगळे दिसले तर घाबरू नका. लिखित ट्वीचा जुना पाया आकुआपेम बोलीवर आहे. बाझेल मिशन या स्विस ख्रिस्ती संस्थेचं काम आकुआपेम भागातल्या आक्रोपोंगला चालायचं, आणि तिचे मिशनरी क्रिस्टालर यांचा मोठा शब्दकोश १८८१ मध्ये तिथल्या कामातून आला. त्यामुळे आकुआपेम पुस्तकात बाई 'ऑबेआ' आणि नातेवाईक 'आबुसुआफो', कुमासीच्या आसांते बोलीत 'ऑबाऽ' आणि 'आबुसुआफोऑ'. किनाऱ्याकडच्या फान्ते बोलीत बारिमाच्या जागी बान्यिन ऐकाल, म्हणजे भाऊ नुआबान्यिन. तुम्ही कुमासीला राहणार, तर आसांते रूप पक्कं करा आणि बाकीची फक्त ओळखा.

तिथे पोचल्यावर सरावासाठी सगळ्यात चांगली वस्तू भिंतीवर लावलेली असते. घानात अंत्यविधीची मोठी रंगीत पोस्टर्स चौकाचौकांत लावतात, मधे मृताचा फोटो आणि खाली नातेवाइकांच्या नावांच्या ओळी. मजकूर बहुतेक इंग्रजीत असतो, पण नावांपुढच्या पदव्या ट्वीत: आबुसुआपान्यिन म्हणजे कुळाचा प्रमुख, नाना म्हणजे गावचे मानकरी. ट्वी एफएम रेडिओवर याच घोषणा वाचून दाखवतात, तिथे नात्यांचे शब्द एकामागून एक धडाधड येतात. आधी पोस्टर वाचा, मग रेडिओ ऐका. नावांच्या ओळींत मृताची स्वतःची मुलं एका ठिकाणी आणि कुळाची माणसं दुसऱ्या ठिकाणी दिसली, की तिसऱ्या दिवशी कागदावर ओढलेली रेषा तिथे छापून आलेली असते.